कल

पिओरिया, इलिनॉय. फेब्रुवारीतला मंगळवार.
वाचनालयाच्या तळघरात मार्लीनबाई मला
एक संगणक देतात आणि एक पेन्सिल.
पेन्सिल कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.
म्हणतात, यात बरोबर-चूक काही नसतं, हनी.

आधी सांगायचं की.
काल रात्री बारापर्यंत अभ्यास केला मी,
टक्केवारी, व्याज, गाळलेल्या जागा.

एकशे ऐंशी वाक्यं आहेत. प्रत्येकापुढे पाच गोल,
खूप आवडेल पासून मुळीच आवडणार नाही पर्यंत.
मधला गोल : सांगता येत नाही.
पहिली तीस वाक्यं मी त्या मधल्या गोलातच
पाय पोटाशी घेऊन बसून राहिले.

अनोळखी माणसांना वस्तू पटवून विकणे.
सांगता येत नाही.
आकड्यांचे तक्ते नीट लावणे.
सांगता येत नाही.
एकट्याने, शांतपणे काम करणे.

इथे हात थांबला.
अकरा वर्षं व्हिसाच्या कागदावर
माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'अवलंबून'.
हेरंब साडेसातला जायचा, शाल्मली आठला,
मग तळघरातली भट्टी घुं करून पेटायची
आणि दुपारपर्यंत तिचं नि माझंच काय ते बोलणं.
ही आवड म्हणायची की सवय?
तेवढ्यासाठी सहावा गोल ठेवलेला नाही.
आणि विचारतंय कोण?
घरात आवड विचारतात ती भाजीची.

आवड तिथे सवड, आई म्हणायची.
सवड होती हो, ढिगाने होती.
आवड कुठल्या डब्यात ठेवली ते विसरले.

आपल्याकडे याला कलचाचणी म्हणतात.
कल छपराला असतो, तराजूच्या काट्याला असतो.
मी तोल सांभाळण्यात इतकी गुंतले
की आपण झुकतो कुठे, ते बघायचं राहिलंच.

वाक्य त्र्याहत्तर :
बिघडलेलं यंत्र उघडून आत पाहणे.

कराड. अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
वॉर्निशचा वास, जळक्या कॉइलचा काळा भुगा,
नऊ वर्षांची मी स्टुलावर, तांब्याचे वेढे मोजतेय,
चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा.
गिऱ्हाईक मध्ये बोललं की अण्णा त्याला हातानेच गप्प करायचे,
पोर मोजतेय.
ते काम आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी त्याला शनिवार म्हणायचे.

खूप आवडेल.
टिचकी इतक्या जोरात वाजली
की शेजारच्या माणसाने मान वर केली.

शेवटी निकाल. तीन अक्षरं,
कुठल्याच भाषेत शब्द न होणारी,
आणि खाली यादी : स्मशानभूमी व्यवस्थापक,
ग्रंथालय सहायक, पवनचक्की तंत्रज्ञ.
पहिलं सोडून द्या, मार्लीनबाई हसल्या.
मी विचारलं, तुम्ही दिली होती का कधी?
दिली होती. एकोणीसशे एक्याण्णव. फुलवाली हो, म्हणाली मला.
मग?
मग इथे दातांचा विमा होता.
त्यांच्या टेबलावर कुंडी आहे. फुलं कापडाची.

आमच्या शाल्मलीला सातवीत याच चाचणीने
सागरी जीवशास्त्रज्ञ केलं होतं.
इथून समुद्र दोन दिवसांच्या रस्त्यावर.
आता ती केसांना निळा रंग लावते आणि विषय टाळते.

परतताना, मक्याची खुंटं बर्फातून वर आलेली
त्या उघड्या शेतांत पवनचक्क्या उभ्या होत्या.
दरवेळी दिसतात. हेरंब म्हणतो, पंखे.
सगळ्या फिरत होत्या, एक थांबलेली.
उंचीची मला भीती वाटते. तिसऱ्या पायरीवरच पोटऱ्या थरथरतात.
हे वाक्य एकशे ऐंशीत कुठेच नव्हतं.

तरी गाडी कडेला घेतली.
तीन वाजून नऊ मिनिटं. शाळा सव्वातीनला सुटते.
कानामागे ती पेन्सिल तशीच राहिलेली,
आणि त्या थांबलेलीच्या पोटात, तिथे वर,
किती वेढे असतील तांब्याचे,
मी काचेतून