घडीची खाट

रादोमच्या बाजारात तेव्हा दुकानं कुठली,
घडीच्या खाटा होत्या. लष्करी, हिरव्या.
वेस्वावाबाईंच्या खाटेवर मोजे, वस्तरे,
इस्तंबूलहून पोत्यानं आणलेली बटणं.
बर्फ पडला की वर प्लास्टिक ओढायचं,
घरी जायचं नाही.

आता चाळीस दुकानं. लोक मला विचारतात,
सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसलीस,
काय शिकलीस बाईंकडून?

काय सांगू. खोक्याची सुतळी कापायची नाही, सोडवायची.
माल हाताशी मांडायचा; हात लागला की निम्मा विकला.
आकडा एवढा मोठा लिहायचा
की म्हातारीला चष्मा शोधावा लागू नये.
भावासाठी पुरवठादाराशी तासभर भांडायच्या,
मग त्यालाच बिटाचं सूप पाजायच्या.

चिकट होत्या. दिवे निम्मेच लावायच्या.
माझी पगारवाढ दोन वर्षं अडवली,
तेही विसरलेले नाही मी.

पण नोव्हेंबर लागला, सगळं गाव कबरींकडे निघालं,
की मेणबत्त्या खरेदीच्याच भावात.
हिशेबनीस कुरकुरायचा, हाच तर कमाईचा आठवडा.
बाई म्हणायच्या, ‘मेलेल्यांवर कसला नफा, लेशेक?’

खाट आता मुख्य कचेरीत, काचेच्या पेटीत.
तिच्यावर कुणी काही मांडत नाही.

यंदा बाईंच्या कबरीसाठी
आमच्याच दुकानातून मेणबत्ती घेतली.
अडीच झ्वोटी जास्त लावले होते.
भरले. पावती मात्र मागून घेतली,
घडी करून दिव्याखाली ठेवली.
हिशेब त्या स्वतःच बघायच्या.