दुय्यम

पंचवीस वर्षं मी ज्या पाटीखाली बसते
तिच्यावर लिहिलंय : दुय्यम निबंधक, हवेली.
म्हणून डॉक्टर मोघे जेव्हा म्हणाले,
"कुंजीरबाई, आमवात हा मुख्य. डोळ्यांचं हे दुय्यम,"
तेव्हा मला हसू आलं.
दुय्यम म्हणजे काय ते मला विचारा.
सगळी गर्दी दुय्यमकडेच असते.
मुख्य साहेबांना कुणी पाहिलेलंसुद्धा नसतं.

आमवात एकटा आला होता,
एका सकाळी दुधाची पिशवी फाडता येईना, तेव्हा.
भाडेकरू म्हणून ठीक होता.
मग त्यानं न विचारता, अकरा महिन्यांचाही करार न करता
आपली माणसं आणली.

आधी डोळे सुकले. मग तोंड.
टिळक रस्त्यावरच्या बेकरीतली खारी मी आता नुसती बघते.
भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा,
गोळी ढकलावी तसा.
"लाळच नाही, तर दात कुणाच्या भरवशावर राहणार?"
असं दातांची डॉक्टर म्हणाली,
अठ्ठावीस वर्षांची पोर, बत्तीस दातांनी हसणारी.
थायरॉईड रक्ताच्या रिपोर्टमधून आला, चपला न वाजवता.
हाडं पोकळ झाली ती आजारानं नव्हे,
आजारावरच्या गोळ्यांनी.
म्हणजे पाहुण्याचा पाहुणा.

आणि थकवा.
त्याची कुठेच नोंद नाही.
इंडेक्स दोन काढा, शोध घ्या, सापडणार नाही.
पण दुपारी तीनला दस्ताच्या पानावर
तो माझ्याआधी डोकं टेकतो.
घरी म्हणतात, "झोप काढ जरा, बरं वाटेल."
झोप काढून उठते तेव्हा
तोही उठतो, ताजातवाना.

डिसेंबरात बोटं पांढरी पडतात.
खडूसारखी. मग निळी. मग लाल होऊन ठणकत बसतात.
सकाळी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवते :
ठसा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.
दिवसभर मी लोकांचे अंगठे धरून काचेवर दाबते,
उरुळीचे, वाघोलीचे,
खुरपं धरून गुळगुळीत झालेले,
"आजी, जरा जोर लावा,"
आणि माझाच मला लागत नाही.

तांबोळी शिपाई काही न बोलता
चहाचा ग्लास आणून हातात देतो.
"प्यायचा नाही मॅडम. धरायचा."
पाच डॉक्टर आहेत मला.
पाचांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

मार्चमध्ये सोपान गेला. माझ्या पाठचा.
वैकुंठात सगळ्या रडत होत्या
आणि माझ्या डोळ्यांत नदीकाठची कोरडी वाळू,
उघडले तरी टोचते, मिटले तरी टोचते.
मागे चुलती कुजबुजली,
"सख्खी बहीण, पण टिपूस नाही."
दहा वाजले होते. थेंबांची वेळ.
नळाकडे जाऊन मी पर्समधली बाटली काढली.
हात थरथरत होता, दोन थेंब डोळ्यांत, चार गालावर.
बाटलीवर लिहिलेलंच असतं : कृत्रिम अश्रू.

परत आले तर वहिनीनं मला ओढून जवळ घेतलं.
"रड गं बाई. मोकळी हो."

मी नोकरीत खूप दस्त पाहिलेत,
मजकूर खोटा, सही खरी.
मजकूर खरा, सही खोटी.
हा त्यातला कुठला, ते मला ठरवता येईना.
तिच्या खांद्यावर तशीच उभी राहिले.
छातीत काहीतरी सरकलं,
ते कुठल्या डॉक्टरला दाखवायचं, कळलं नाही.

वहिनीनं पदरानं माझे गाल पुसले.
मी पुसू दिले.
चारशे दहाची बाटली, महिन्याला दोन लागतात.
त्या महिन्यात तीन लागल्या.