आधी एक रुपया

गलाईचं दुकान सोडून विट्याला परतलो
तेव्हा सेलममधनं दोनच गोष्टी आणल्या:
खोकला, आणि कसोटीचा काळा दगड.
सोनं घासावं, तेजाबाचा थेंब सोडावा,
रेघ टिकली तरच भाव बोलावा.

आता रणधीरला पैसे धाडायचे
तर घासायला काही नाही,
नुसती काच.

म्हणून आधी एक रुपया पाठवतो.
फोन लावतो, आला का?
“आला अण्णा,” तो हसतो, “टाका आता उरलेले.”

सोय आहे, नाही कुठं म्हणतोय?
बंडीच्या आत नोटा शिवून
मिरजेपर्यंत रात्रभर जागायचो मी.
आता जागरण चार सेकंदांचं,
चक्र फिरतं तेवढंच.

पण शेजारच्या कुसाबाईचे अठरा हजार
असेच चार सेकंदांत गेले.
पैसे घ्यायला पिन लागत नाही
हे तिला सांगणार कोण होतं?

माघात माझाही एक आकडा चुकला.
रुपया कुणा सुलभा व्हनमानेला गेला.
तासाभरानं परत आला, खाली ओळ:
‘चुकून आला वाटतं.’

तो रुपया बाजूला काढून ठेवावा म्हटलं.
खात्यात शोधतोय,
त्यातला तो कुठला
कळत नाही.