शेवटचं दिसलं

मृण्मयीनं परत जाताना तिचा जुना फोन दिला
आणि कोटाच्या बटणाएवढी चार पांढरी बटणं.
एक चाव्यांना लावलं, एक चष्म्याच्या घराला,
एक छत्रीच्या मुठीला रबरानं बांधलं.
चौथं कशाला लावावं ते सुचेना.
ते फ्रीजवर पडून आहे.

"काका, आता तुमचं काही हरवायचं नाही."
बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात
लोकांच्या तारांतले फॉल्ट शोधले मी,
खांबावर चढून, रिसीव्हर कानाला लावून.
मला ही शिकवणार.

तिसऱ्याच आठवड्यात चाव्या गेल्या.
पेठकरांकडच्या किल्लीनं घरात शिरलो,
आमटी गरम केली, झोपलो.
सकाळी नकाशा उघडला तर
शेवटचं दिसलं: काल रात्री ९.४२, अप्पा बळवंत चौक.

दिसलं, पण कुणाला?
बटणाला डोळे नाहीत, आणि मी तर सातलाच घरात.
म्हणजे पावणेदहाला तिथून कुणी गेलं असणार,
क्लास सुटलेली एखादी पोरगी,
दुकानाचं शटर ओढून निघालेला नोकर,
आणि त्यांना पत्ताही न लागता त्यांच्या खिशानं
माझ्या चाव्या ओळखल्या
अन् मला निरोप धाडला.

या शहरात पत्ता विचारला तर काय ऐकावं लागतं
हे मला चांगलं ठाऊक आहे.
त्याच शहराचे खिसे इतके परोपकारी!

दहाच्या सुमाराला ठिपका तपकीर गल्लीत सरकला
आणि तिथेच बसला.
गेलो.
वायरींची भेंडोळी, पंख्यांची पाती, दिव्यांच्या माळा,
भर दुपारी तपासून बघायला पेटवलेल्या.
फोन म्हणाला, जवळ आहे.
वाजवलं.

आवाज आला एका चावीवाल्याच्या डब्यातून.
फळीवर टांगलेल्या शंभरेक कोऱ्या चाव्या,
अजून दात न फुटलेल्या,
आणि खाली स्टुलावर दस्तगीरभाई, कानस हातात.

"तुमचं हाय का ते? रातभर मधनंच चिमणीसारखं ओरडतंय.
पोरानं आणून दिलं. चौकात सापडलं म्हणाला.
चावी सापडली की लोक आमच्याकडेच टाकतात,
जशी काय आमचीच लेकरं."

जुडगा हातात घेऊन अंगठ्यानं चाचपला त्यांनी,
डॉक्टर पोट चाचपतात तसा.
"ही घराची. ही कपाटाची, गोदरेज, जुनं."
कपाट भंगारात गेलं, मी म्हटलं.
"ही स्कूटरची."
विकली, दोन हजार नऊ साली.
"ही कुलपाची, पण असलं कुलूप आता कुठं बनत न्हाई."
ते मिरजेच्या क्वार्टरचं.

"आणि ही?"
चपटी, पितळी, डोक्यावर ४१ आकडा.
उन्हात उभा राहिलो. मागून एक टेम्पो हॉर्न देऊन दमला.
४१.
"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले,
"कुलूप समोर आलं तर चावीलाच आठवंल."

पैसे घेतले नाहीत. बटण मात्र उलटंपालटं करून पाहिलं.
"आत काय, सॅटेलाइट?"
नाही हो. जवळून कुणाचा तरी फोन जावा लागतो.
"कुणाचाबी?"
कुणाचाही.
"म्हंजे अनोळखी माणसाच्या भरवशावर," ते हसले.
"मग आमच्यासारखंच की.
लोक घर आमच्या हातात देतात
अन् नाव इचारत न्हाईत."

तेव्हा मला त्यांचं नाव विचारायचं सुचलं.

रिक्षा केली नाही. लक्ष्मी रस्त्यानं आलो, मुद्दाम गर्दीतून.
माझ्याही खिशातून जात असतील
कुणाच्या पर्सचे, कुणाच्या दप्तराचे निरोप,
मला न सांगता.
काय माहीत कुणाची छत्री आत्ता म्हणत असेल,
हा बघा, एक म्हातारा गेला इथून.

विजय टॉकीजपाशी एकानं पत्ता विचारला.
समोर पाटी आहे, वाचता येत नाही का, एवढं म्हणालोच.
मग कोपऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो.