गॅप तीन मिलिमीटर

कुपवाड एमआयडीसीतला शेड नंबर विसरलो,
पण नाकच नेतं तिथं.
वॉचमन पिवळा, त्याचं रजिस्टर पिवळं,
सही केली तर माझंही बोट.

प्रिंटर खोक्यातून काढून ठेवला होता सकाळीच.
पायगोंडाशेठनी नारळ फोडलेला,
कुंकू लावलेलं बरोब्बर त्या जाळीवर
जिथून यंत्र श्वास घेतं.
पुसलं. काही बोललो नाही.

रोल चढवला. रिबन चढवली.
शाई आतल्या अंगाला की बाहेरच्या,
हे डोळ्यांना कळत नाही.
लेबलाचा चिकट कोपरा दाबून उचलायचा,
काळा झाला तर तीच बाजू कागदाकडे.
खोक्यावर छापलेलं असतं तसं, पण मी चिकटवून बघतो.

मग बटण दाबून धरलं. दोनदा लुकलुकलं. सोडलं.
आता त्यानं आपलं आपण मोजायचं:
लेबल केवढं, दोघांमधली मोकळी जागा केवढी.
तीन-चार कोरी सरकली की थांबतं.
हे थांबेना.
कोरं, कोरं, कोरं,
टेबलावरून खाली, माझ्या बुटांवर.
"लेबलांचं पेव फुटलं की!" मी म्हणालो.
पॅकिंगच्या बायका हसल्या.
अक्काताई मगदूम तेवढी हसली नाही.

तिचा बाप हरिपुरात खऱ्या पेवांवर कामाला होता.
जमिनीत खोल हळद,
तोंड एका माणसापुरतं,
वर गवत, माती, की संपलं.
कुणाचा माल कुठं, त्याची ना चिठ्ठी ना पाटी.
"त्याच्या पायाला कळायचं," ती म्हणाली.
"चालत जायचा आन् थांबायचा. म्हणायचा, हितं खणा.
उघडलं की आधी दिवा सोडायचे आत.
दिवा विझला तर कुणी उतरायचं न्हाई."

मी सेटिंगात शिरलो होतो.
मागच्या काळ्या खुणेवर ठेवलं होतं कुणीतरी,
गॅपवर आणलं.
पुन्हा बटण, पुन्हा दोनदा लुकलुक,
पुन्हा कोरं, कोरं, कोरं.
शेठ दारात येऊन उभे, हातात मोबाईल,
उद्या गाडी भरायची होती.

झाकण उघडून तिला दाखवलं, म्हटलं तर स्वतःलाच:
खाली दिवा, वर डोळा.
कागदातून उजेड कमी येतो, फटीतून जास्त,
तेवढ्या फरकावर याला कळतं
एक कुठं संपलं, दुसरं कुठं सुरू झालं.

"मग दिवा विझला असंल," अक्काताई म्हणाली,
आणि विचारायच्या आत बोट घालून
ते माझ्यासमोर धरलं.
पिवळं.
चार तासांत. काचेवर पापुद्रा धरला होता हळदीनं.

स्पिरिट, कापसाची काडी. घासलं.
बटण. लुकलुक. लुकलुक.
कोरं.
कोरं.
कोरं.
थांबलं.

त्यानंतरचं काम माझ्या सवयीचं.
पहिल्या छापात सालाचे शेवटचे दोन आकडे
खालच्या लेबलावर घसरले, ते वर घेतले.
बारकोडच्या रेषा एकमेकींत फुटत होत्या,
स्कॅनर नुसताच लाल डोळ्यानं बघायचा;
काळेपणा अठरावरून चौदावर, वेग एक पायरी कमी,
मग वाजला.
सेलम पावडर, पाचशे ग्रॅम, बॅच, तारीख.
अक्काताईनं लेबल उजेडात धरून कडा पाहिल्या.
अठरा वर्षं हातानं लावलीत तिनं,
रोज किती, ते मोजलेलं नाही.
"सरळ हाय," म्हणाली. तेवढंच.

सर्व्हिस कार्डावर लिहिलं:
सेन्सर दर पाळीला पुसणे. जबाबदार व्यक्ती,
पुढे शेठचं नाव लिहिणार होतो.
तिचं लिहिलं.
तिनं ते वाचलं, कार्ड घडी करून
पिशवीत टाकायला लागली.
"अहो, हे यंत्राला लावायचं असतं."
"लावते की. आधी घरी दाखवते."

विश्रामबागला सिग्नलवर पाय टेकला
तेव्हा काहीतरी चिकट ओढलं गेलं.
बुटाच्या तळाला एक कोरं लेबल,
कुपवाडपासून आलेलं.
माझ्या पायाला कळलं नव्हतं.