वरच्या मजल्याचं पार्सल

कुरिअरवाला पोरगा म्हणाला,
"काका, वर कुलूप आहे, ठेवून घेता का?"
आणि भांडी बाजारातल्या माझ्या काउंटरवर
खोकं टेकवून पायऱ्या उतरलासुद्धा.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणतात.
बिलाबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही.
तांब्याची बाटली, नग एक, मुरादाबाद.
माझ्या डोक्यावरच्या फळीत अशा सतरा आहेत,
शेवटची खपली धनत्रयोदशीला.

कराची ओळ होती.
बोट फिरवून दोनदा वाचली.
नसावी, असं कुठंतरी वाटत होतं,
म्हणजे भांडता आलं असतं.
माझ्या बिलावर कराचे दोन तुकडे पडतात,
एक दिल्लीचा, एक मुंबईचा.
या बिलावर तो अखंड, न चिरलेला,
पण ताजव्यात टाका, काटा मधोमध.

संध्याकाळी गायधनी अण्णा आले.
विल्होळीच्या जकात नाक्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
अजून ट्रक दिसला की आधी ताडपत्रीकडे बघतो.
खोकं उलटंपालटं करून म्हणाले,
"आमच्या वेळी हे नाव-गाव सांगून आत आलं असतं.
पावती फाटली की पैसा इथंच, नाशकात.
आता जातो कुठं, येतो किती, कुणाला ठाऊक!"

मी हसलो. अण्णाही हसले, जरा उशिरा.
त्र्याऐंशी साली अण्णा नाक्यावर नवे होते
आणि माझे वडील पितळी पातेली आणायचे
मुंबईत भाजी टाकून परतणाऱ्या ट्रकमधून,
रिकाम्या करंड्यांखाली.
"रिकामाय, जाऊ द्या," असं कुणीतरी म्हणायचं.
अण्णांच्या देवघरात आमच्या दुकानाचं एक ताम्हन आहे.
त्याचं बिल कधी झालं नाही.

तरी विचारतो.
गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागते
तेव्हा भोंगा लावून जीप येते:
माल वर घ्या, माल वर घ्या.
त्या जीपमधलं डिझेल कुणाचं?
मुरादाबादच्या गोदामाला आमचा मारुती माहीत नाही,
पण त्यांचं खोकं आलं ते आमच्याच पुलावरून,
आमच्याच खड्ड्यांतून,
आणि ते आणणारा राजरत्न पगारे
आमच्याच सिडकोत भाड्यानं राहतो.
दुकान परराज्यात म्हणून रस्ता फुकट कसा?

हे मी हात आपटून बोललो,
फळीवरच्या वाट्या किणकिणल्या,
अण्णा मान हलवत राहिले.
मग ध्यानात आलं, कर तर आहेच.
जिंकून झालेला खटला
मी उगाच पुन्हा उभा करतोय,
कारण हरलो ते दुसरंच काही,
आणि त्याची कलमं कुठल्याच कायद्यात नाहीत.

चारुशीला धारणे रोज दोनदा जातात दुकानावरून.
आठ वाजता आल्या, खोकं इथंच फोडलं,
बाटली माझ्यापुढं धरली.
"काका, कशी आहे? तुम्हाला कळतं."
नखानं टिचकी मारली.
पत्रा पातळ. आवाज कोवळ्या पोरासारखा, चढा.
किंमत विचारली नाही. ती बिलावर वाचलीच होती,
माझ्याहून एकशे साठनं कमी.
"चांगली आहे," म्हणालो.
"आतून चिंच-मीठ लावा, ब्रश नको."

पाणी भरून बघितलं तर झाकणातून ठिबकत होती.
परत पाठवायला त्यांना वेळ नव्हता.
मी खालचा खण ओढला,
वडिलांच्या हातचा, नेहमी अडकणारा,
त्यात रबरी चकत्यांची माळ.
तिसरी चकती बसली.
"किती द्यायचे?"
"राहू द्या."

त्या जिना चढून गेल्या.
मी बिलबुक उघडं ठेवून तसाच बसलो,
पेन हातात, लिहायला काही नाही.
अण्णांनी पाहिलं,
आणि नाक्यावरच्या जुन्या सवयीनं
मान वळवून रस्त्याकडे बघू लागले.