एकतिसावा मजला

लोकांना चढावं लागू नये
याचा पगार घेतो मी शारजात.
अकरा वर्षं झाली.
अल नहदा, मजाझ, अल खान,
या पट्ट्यातल्या सदतीस इमारतींच्या लिफ्टांना
माझ्या हातचं ग्रीस लागलेलं आहे.
आणि पहाटे पावणेचारला मीच
नाड्या आवळून
खालिद लगूनभोवती फेऱ्या मारतो,
कुणी बोलावलेलं नसताना.

जुलैत इथली हवा पळू देत नाही.
ओल्या घोंगडीसारखी तोंडावर पडते,
तिच्यातून श्वास उपसावा लागतो.
बनियन पिळलं की पेलाभर पाणी,
वाळलं की मिठाचे नकाशे.
वॉचमन शेर झमान खाटेवरून विचारतो,
कोण लागलंय मागे, विलणकर?

मागे कुणी नाही, झमानभाई.
पुढे एकतीस आहे.

गेल्या वर्षी एकतिसाव्या किलोमीटरला
पोटरीत गोळा आला.
बसलो रस्त्याच्या कडेला.
मागून बस आली, पिवळी, गारेगार,
उरलेसुरले गोळा करत.
ड्रायव्हर मल्याळी. काही बोलला नाही,
एक केळं पुढे केलं.
मी खाल्लं.
अजून ते गिळलं गेलेलं नाही.

सुगंधा लांज्याहून फोनवर म्हणाली,
पैसे भरून धावायचं
आणि वर बसनं परत यायचं?
हसली. मग आवाज उतरवून,
पुन्हा भरणार ना?

बेचाळीस हा आकडा मी डोक्यात शिरू देत नाही.
बेचाळीस मजले खालून बघितले
की कुणाचीही मान दुखते.
शाफ्टमधल्या शिडीवर माणूस
फक्त पुढची कांब बघतो.
म्हणून दिव्याचा खांब. मग पुढचा.
मग अफगाणी रोटीवाल्याची भट्टी,
मशिदीबाहेरचा थंड पाण्याचा नळ,
कॅम्पच्या बसची वाट बघत
मांडीवर डबा घेऊन पेंगणारी माणसं.
पुन्हा खांब.
काही दिवस पाचव्या खांबावरूनच फिरलो.
तेही वहीत आहे:
पाच खांब. मन नव्हतं.

फेब्रुवारी. रास अल खैमा.
डाव्या हाताला समुद्र, इस्त्री केल्यासारखा.
एकतिसाला गोळा आला,
ड्युटीवर यावा तसा, अगदी वेळेवर.
पिवळी बस शेजारून रेंगाळली,
दार उघडलं.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली
की आतली माणसं दारावर लाथा मारतात.
इंटरकॉमवर आम्ही एकच सांगतो.
तेच सांगितलं मी मला,
त्याच कोरड्या, नोकरीच्या आवाजात:
घाबरू नका.
दाराला हात लावू नका.
हवा आत येते आहे, पुरेल.
मी निघालोय.

हजारदा बोललो असेन हे.
आत उभं राहून
कधी ऐकलं नव्हतं.

मी मान हलवली. बसनं दार मिटलं.
चाललो. लंगडलो.
एका पायानं धावलो म्हणा.
बत्तीस आला.
बत्तिसाला काही नव्हतं.
एक प्लास्टिकची खुर्ची,
चेपलेल्या बाटल्या,
आणि सावलीत आडवं पडलेलं मांजर,
ज्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
एवढ्यासाठी वर्ष गेलं!
हसू आलं. हसताना गोळा थोडा सैल झाला.

पोचलो तेव्हा कमान उतरवत होते.
घड्याळाची वायर निघाली होती.
एका पोरानं गळ्यात पदक घातलं
आणि दुसऱ्या हातानं शिडी धरून ठेवली.
ती नीट टेकलेली नव्हती.
मी सांगितलं त्याला.

सोमवारी मजाझच्या टॉवरमधे
पायऱ्या उलट्या उतरलो, कठडा धरून,
मांड्या शिव्या देत होत्या.
चौदा आणि पंधराच्या मधे
कुणी बाई अडकली होती.
इंटरकॉमवर तिचा श्वास ऐकू येत होता.
किती वेळ, तिनं विचारलं.

वेळ लागेल, म्हटलं.
पण मी येतोय. चालतच.